रॉकी हरला, मग टाळ्या कशाच्या?

गेल्या अंकात बोलता बोलता 'रॉकी बाल्बोआ'चा विषय निघाला. २००६ सालचा चित्रपट, रॉकी मालिकेतला सहावा आणि शेवटचा. "रॉकीचा शेवट हरण्यातच व्हायला हवा होता," एवढं एकच वाक्य मी लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी दुसऱ्या कुठल्या चित्रपटाला जागाच उरली नाही. निम्मी पत्रं भांडणारी आहेत, ते बरंच आहे.

नव्या वाचकांसाठी आधीच सांगते: मी बरीच वर्षं हौशी बॉक्सिंगच्या सामन्यांत जज म्हणून रिंगला लागून बसले आहे. खाली आधी प्रत्येक पत्र, मग माझं उत्तर; त्या उत्तरांत थोडा खडूसपणा उतरणार.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळीत कथा. फिलाडेल्फियाचा रॉकी आता पन्नाशी ओलांडलेला. बायको एड्रियन कॅन्सरने गेली, मुलगा दुरावला. तिच्याच नावाचं रेस्टॉरंट चालवतो आणि गिऱ्हाइकांना जुन्या लढतींचे किस्से ऐकवतो. टीव्हीवर कॉम्प्युटरने रचलेल्या एका लढतीत जुना रॉकी आत्ताच्या हेवीवेट चॅम्पियनला, मेसन डिक्सनला, हरवतो. त्यातून खरोखरची दहा राउंडची प्रदर्शनीय लढत ठरते आणि रॉकी ती स्प्लिट डिसिजनने, म्हणजे तीनपैकी दोन जजेसच्या मताने, हरतो.

ताई, तीस वर्षं ज्याच्यासाठी आम्ही जीव टाकला त्याला शेवटच्या लढतीत हरवायची काय गरज होती? आमच्या घरी सगळे चिडले. जिंकला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं?

बिघडलं असतं, चित्रपटाचंच बिघडलं असतं. तुमच्यासारख्यांची सोय सिल्व्हेस्टर स्टॅलोनने, म्हणजे रॉकीचं काम करणाऱ्या आणि हा चित्रपट लिहून दिग्दर्शित करणाऱ्या माणसाने, करून ठेवली होती. रॉकी जिंकतो असा शेवटही चित्रित झाला होता आणि तो नंतर डीव्हीडीवर आला. मी तो पाहिला. हात वर केला जातो, लोक ओरडतात आणि आपल्याला काहीच होत नाही. अहो, या माणसाने जिंकायचं आहे असं चित्रपटभर एकदाही म्हटलेलं नाही. मांसाच्या कारखान्यात मेहुण्यासमोर, पॉलीसमोर, तो रडवेला होऊन सांगतो की आत, तळघरात, अजून काहीतरी साचून राहिलंय. पॉलीला कळतच नाही, तो विचारतो कुठलं तळघर. आतलं ते बाहेर काढायला हा माणूस रिंगमध्ये उतरलाय. त्यासाठी विजेतेपदाचा पट्टा लागत नाही, दहा राउंड लागतात.

आता जज म्हणून. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये राउंड जिंकणाऱ्याला दहा गुण, हरणाऱ्याला बहुधा नऊ, खाली पडला तर आठ. पण या लढतीचं स्कोअरकार्ड कुणाच्या बापाला भरता येणार नाही, कारण पहिल्या दोन राउंडनंतर मधले सगळे तुकड्यातुकड्यांत दाखवलेत. कृष्णधवल चित्र, मध्येच लाल रक्त, मध्येच जुन्या आठवणी. ही दिग्दर्शकाची लबाडी आहे आणि मला ती आवडली. गुण मोजायची सोयच ठेवायची नाही, म्हणजे निकालावर वाद घालायला तुमच्या हातात काही उरत नाही. तरीही तुम्ही घातलातच, ते सोडा.

निकाल आणि प्रेक्षक यांचं नातं मला फार जवळून ठाऊक आहे. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सने अंतिम फेरीत ८६ ठोसे लगावले, यजमान कोरियाच्या पार्क सी-हुनने ३२. पाच जजेसनी ३-२ने पार्कला सुवर्ण दिलं. त्या प्रकारानंतर आमच्या हातात बटणं आली: पाचपैकी तिघांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण मिळायचा. त्या टेबलावर बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात सोल असायचंच. निकाल चुकला की प्रेक्षकांचा एक वेगळाच आवाज निघतो, तो मानेवर जाणवतो. 'रॉकी बाल्बोआ'च्या शेवटी त्याच्या उलट घडतं. निकाल विरुद्ध जातोय, पण तो ऐकायला रॉकी थांबतही नाही. निवेदक आकडे वाचत असतो आणि हा गर्दीतून बाहेर चाललेला असतो, लोकांचे हात हातात घेत. १९७६च्या पहिल्या चित्रपटातही निकाल वाचला जात असताना तो एड्रियनच्या नावाने ओरडत होता, आकड्यांकडे त्याचं लक्ष नव्हतं. तेव्हाही तो स्प्लिट डिसिजननेच हरला होता. तिथून निघालेला माणूस तिथेच येऊन पोचला. मधल्या चार चित्रपटांनी आपल्याला जिंकण्याची चटक लावली, त्याला स्टॅलोनच जबाबदार, आणि ती उतरवायचं कामही शेवटी त्यानेच केलं.

साठ वर्षांचा माणूस हेवीवेट चॅम्पियनसमोर दहा राउंड टिकतो? थिएटरात आमच्या मागची मुलं हसत होती. मलाही हसू आवरलं नाही.

हसलात ते ठीकच. ट्रेलर आला तेव्हा अमेरिकेतही भरपूर टिंगल झाली होती. १९९०चा पाचवा भाग आपटला होता, त्यात रॉकीची शेवटची मारामारी रिंगमध्ये नव्हे तर रस्त्यावर होती, आणि लोकांनी मालिकेवर तेव्हाच फुली मारली होती. मग सोळा वर्षांनी हा गृहस्थ परत ग्लोव्हज घालणार म्हटल्यावर हसणारच. चित्रपटालाही ते माहीत होतं; त्यातली माणसंही रॉकीला तोंडावर म्हातारा म्हणतात. साधारण दोन कोटी चाळीस लाख डॉलरमध्ये झालेल्या चित्रपटाने जगभरात पंधरा कोटींच्या वर कमावले, म्हणजे हसायला आलेले बरेच जण शेवटपर्यंत बसले असणार.

राहिला प्रश्न शक्यतेचा. जॉर्ज फोरमन १९७४मध्ये किन्शासाला मुहम्मद अलीकडून हरला. वीस वर्षांनी, नोव्हेंबर १९९४मध्ये, तीच लाल चड्डी घालून लास वेगासच्या रिंगमध्ये उतरला आणि मायकेल मूररला दहाव्या राउंडमध्ये आडवं करून पुन्हा हेवीवेट चॅम्पियन झाला. वय ४५. त्या रात्री नऊ राउंड तो मागे होता, सगळ्या कार्डांवर.

दुसरं उदाहरण तर खुद्द या चित्रपटाच्या अंगणातलं. मेसन डिक्सनचं काम करणारा अँटोनिओ टार्व्हर हा नट नव्हे, लाइट हेवीवेटचा, म्हणजे हेवीवेटपेक्षा हलक्या वजनगटाचा, खराखुरा विजेता. सोलमध्ये सुवर्ण हुकलेल्या त्याच रॉय जोन्सला २००४मध्ये याने दुसऱ्या राउंडमध्ये झोपवलं होतं. 'रॉकी बाल्बोआ'साठी टार्व्हरने वजन वाढवलं, मग पुन्हा उतरवलं आणि जून २००६मध्ये अटलांटिक सिटीत तो बर्नार्ड हॉपकिन्ससमोर उभा राहिला. हॉपकिन्स एकेचाळीस वर्षांचा आणि फिलाडेल्फियाचा! तिन्ही जजेसनी हॉपकिन्सला विजयी ठरवलं, तेही मोठ्या फरकाने. चित्रपट यायच्या सहा महिने आधी पडद्यावरच्या डिक्सनला फिलाडेल्फियाच्या एका 'म्हाताऱ्या'ने प्रत्यक्षात हरवून ठेवलं होतं. असं कथेत लिहिलं असतं तर तुम्हीच मला पत्र लिहिलं असतं, पटत नाही म्हणून. हाच हॉपकिन्स पुढे ४६व्या वर्षी पुन्हा जगज्जेता झाला.

एक तक्रार मात्र मलाही आहे. दुसऱ्याच राउंडमध्ये डिक्सनचा डावा हात मोडतो, रॉकीच्या कमरेच्या हाडावर ठोसा बसल्यामुळे. हात मोडतात, मी पाहिलेत, कोपऱ्यात परतणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावरूनच कळतं. पण इथे तो अगदी वेळ साधून मोडला. लेखकाला दोघांना एका पातळीवर आणायचं होतं, म्हणून.

पाचव्या भागात डॉक्टर म्हणतात मेंदूला इजा झालीय, पुन्हा लढायचं नाही. सहाव्यात परवाना मिळतो कसा?

मिळायला नको होता. चित्रपट त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, तपासण्या उत्तम झाल्या म्हणून मोकळा होतो. पेनसिल्व्हेनियाच्या मंडळासमोर रॉकी फार छान बोलतो, आधी नकार देणारे ते लोक ऐकून विरघळतात आणि आपणही विरघळतो. पण मी त्या टेबलामागे असते तर नाहीच दिला असता. छान बोलणाऱ्याला परवाना द्यायचा असता तर रिंगमध्ये वकीलच उतरले असते.

पहिला तासभर बॉक्सिंगच नाही! नुसता स्मशानात बसतो, जुन्या घरापुढे उभा राहतो, भाजी आणतो. माझा मुलगा उठून गेला. हा बॉक्सिंगचा चित्रपट म्हणायचा का?

तुमच्या मुलाचं वय काय? हे टोमणा म्हणून विचारत नाही. आलेल्या पत्रांची मी सहज विभागणी करून पाहिली. ज्यांनी चौथ्या भागापासून, म्हणजे तो रशियन ड्रॅगो आणि बर्फातला सराव इथून, रॉकी ओळखला, त्यांना हा पहिला तास जड गेलाय. ज्यांनी पहिला चित्रपट पहिल्यांदा पाहिला, त्यांना हाच तास सगळ्यात जवळचा वाटलाय. एका बाईंनी तर लिहिलंय की लढत सुरू झाल्यावर त्या चहा टाकायला उठल्या!

मी त्या बाईंच्या बाजूची. एक जागा दाखवते. रॉकी एड्रियनच्या थडग्यापाशी येतो आणि शेजारच्या झाडात हात घालून एक घडीची खुर्ची काढतो. बसतो. निघताना खुर्ची मिटून पुन्हा त्याच झाडात अडकवतो. याबद्दल कुणी एक शब्द बोलत नाही. किती दिवसांपासून येतोय, किती वेळ बसतो, घरी जाऊन करण्यासारखं काही आहे की नाही, सगळं त्या खुर्चीने सांगितलं. पटकथेत हे लिहिणाऱ्या माणसाला 'ठोसेबाज' म्हणून हिणवणाऱ्या समीक्षकांचं मला नवल वाटतं.

मग तो पॉलीला घेऊन जुन्या जागा बघत फिरतो. जिथे एड्रियनबरोबर पहिल्यांदा फिरायला गेला, ती बर्फाची रिंक आता पाडलेली, नुसता राडारोडा. पॉली वैतागतो. त्याला या आठवणी नकोत, कारण बहिणीशी तो नीट वागला नव्हता. बर्ट यंगने हे काम असं केलंय की पॉलीचा रागही येतो आणि त्याला घरी नेऊन जेवू घालावंसंही वाटतं.

रेस्टॉरंटमध्ये एक म्हातारा फुकट जेवतो आणि उपकार नकोत म्हणून आत जाऊन भांडी घासतो. तो स्पायडर रिको. पहिल्या चित्रपटातली अगदी पहिली मारामारी आठवा, त्यात रॉकीने ज्याला हरवलं तोच. तीस वर्षांनी तोच नट, पेड्रो लव्हेल. आणि बारमध्ये भेटणारी मेरी म्हणजे पहिल्या चित्रपटातली ती लहान पोर, जिला रॉकी रात्री घरी सोडतो, सिगारेट ओढू नकोस म्हणून उपदेश करतो आणि जी दारातून त्याला शिवी हासडून पळते. (तेव्हा काम करणारी मुलगी वेगळी, इथे जेराल्डीन ह्यूज आहे.) तिच्या घराबाहेरचा बल्ब गेलेला दिसतो तर रॉकी नवा लावून देतो. बॉक्सिंगचा चित्रपट म्हणायचा का, या प्रश्नाला माझं उत्तर असं की लढतीच्या वेळी आपण रिंगच्या कुठल्या बाजूला बसायचं ते हा पहिला तास ठरवतो. तो वगळून लढत पाहिलीत तर डिक्सनच्या बाजूने बघायलाही हरकत नाही. तो तरुण आहे, जास्त वेगवान आहे आणि प्रेक्षकांनीच त्याची हुर्यो उडवलीय.

एड्रियनला मारलं याचा मला अजून राग आहे. एड्रियनचं काम करणारी तालिया शायर नाही तर रॉकी नाही.

राग योग्य जागी आहे. पण ती जिवंत असती तर ही लढत झालीच नसती. तिने त्याला समजावून घरी बसवलं असतं आणि ते बरोबरही ठरलं असतं. तिच्याशिवाय हा चित्रपट उभा राहत नाही हे तुमचं म्हणणं खरंच आहे, चित्रपटाचंही तेच म्हणणं आहे.

शेवटची लढत टीव्हीवरच्या खऱ्या सामन्यासारखी दिसते. मला ते स्वस्तातलं वाटलं. जुन्या भागांसारखी भव्यता नाही.

जाणूनबुजून केलंय. एचबीओ वाहिनी मोठे सामने ज्या पद्धतीने दाखवायची, तशीच ही लढत चित्रित केली. समालोचनाला जिम लॅम्पली, लॅरी मर्चंट, मॅक्स केलरमन हे तिचे खरे लोक, रेफरी जो कॉर्टेझ खरा, निवेदक मायकेल बफर खरा. लढत जिथे होते त्या लास वेगासच्या मंडाले बे हॉटेलातली गर्दीही खरी: डिसेंबर २००५मध्ये तिथे हॉपकिन्स आणि जर्मेन टेलर यांची दुसरी लढत होती, त्या प्रेक्षकांसमोर स्टॅलोन रिंगमध्ये चालत आला. लोकांनी त्याच्या नावाचा गजर केला तो पैसे देऊन करवलेला नाही. जुन्या भागांत प्रत्येक ठोसा तोफेसारखा वाजायचा आणि बचाव नावाची गोष्टच नसायची. चौथ्या भागातल्या पद्धतीने कुणी खरंच लढला तर रेफरी दीड मिनिटात थांबवेल. इथे निदान डिक्सन जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ झटपट ठोसा, मारतो, सरकतो, अंतर राखतो. तो टार्व्हर आहे म्हणून.

एक गंमत मात्र बॉक्सिंगवाल्यांनाच बोचते. प्रदर्शनीय लढतीला एरवी असा अधिकृत निकाल देत नाहीत. इथे तीन जजेस, स्प्लिट डिसिजन, सगळा थाट. असो.

कॉम्प्युटरने लढत लावायची कल्पना खरी आहे का?

हो. १९६९मध्ये निवृत्त रॉकी मार्सियानो आणि बंदी भोगत असलेला मुहम्मद अली यांना मायामीतल्या एका स्टुडिओत बोलावून एकेक मिनिटाचे ढीगभर राउंड चित्रित केले. निकाल कॉम्प्युटर देणार. मार्सियानोने वजन उतरवलं, डोक्यावर टोप चढवला. जानेवारी १९७०मध्ये अमेरिकेतल्या थिएटरांत दाखवलं तेव्हा मार्सियानो तेराव्या राउंडमध्ये जिंकला. ते बघायला तो स्वतः नव्हता. आधीच्या ऑगस्टमध्ये विमान अपघातात गेला होता.

शेवटच्या नामावलीत सामान्य लोक पायऱ्या चढून नाचतात ते बघून मी ढसाढसा रडले. वेडेपणा ना?

अजिबात नाही. फिलाडेल्फिया म्युझियम ऑफ आर्टच्या त्या ७२ पायऱ्या. लहान मुलं, पोट सुटलेले काका, सगळे वर जाऊन हात उंचावतात. मी पाहायला गेले त्या खेळाला कुणी दिवे लागल्यावरही उठलं नाही, शेजारच्या गृहस्थांनी तर चष्मा काढून पुसायला घेतला होता.

पण त्याच पायऱ्यांवरून एक कडू गोष्टही सांगते. पायऱ्या धावत चढायचा आणि कत्तलखान्यात लोंबत्या मांसावर ठोसे मारायचा सराव आपण करत होतो, चित्रपटाने तो आपल्याकडून उचलला, असं जो फ्रेझर सांगत असे. फिलाडेल्फियाचा खराखुरा हेवीवेट चॅम्पियन, १९७१मध्ये अलीला हरवलेला माणूस. पहिल्या चित्रपटात तो मिनिटभर रिंगमध्ये येऊन हात हलवून जातो. रॉकीचा ब्राँझचा पुतळा तिसऱ्या भागासाठी घडवला आणि हा शेवटचा भाग यायच्या तीन महिने आधी, सप्टेंबर २००६मध्ये, पायऱ्यांच्या पायथ्याशी बसवला. फ्रेझरचा पुतळा त्या शहरात उभा राहिला २०१५ साली. तो २०११मध्येच वारला होता.

पण हा शेवटचा कसा? 'क्रीड' आहे ना!

रॉकी ज्यात लढतो असा शेवटचा. रायन कूगलरचा 'क्रीड' २०१५मध्ये आला, त्यात रॉकी अपोलो क्रीडच्या, म्हणजे पहिल्या चित्रपटातल्या आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या, मुलाला शिकवतो आणि स्वतः कॅन्सरशी झुंजतो. स्टॅलोनला त्यासाठी गोल्डन ग्लोब मिळालं, ऑस्करचं नामांकनही. चांगला चित्रपट आहे, त्याच्यावर वेगळी पत्रं पाठवा. २०२३च्या तिसऱ्या 'क्रीड'मध्ये तर रॉकी नाहीच.

माझी भाची बारा वर्षांची आहे, नुकतीच बॉक्सिंग शिकायला लागलीय. सहाही भाग दाखवू का? कुठून सुरुवात करू?

१९७६चा पहिला दाखवा. मग मध्ये काहीही न दाखवता सरळ 'रॉकी बाल्बोआ'. दुसरा आणि तिसरा तिने मागितले तर द्या. चौथा ती मैत्रिणींबरोबर बघेलच, गाण्यांसाठी. पाचव्याची घाई नाही. आणि बघून झाल्यावर तिला एक गोष्ट नक्की सांगा: रॉकीसारखे हात खाली ठेवून उभं राहायचं नाही. पहिल्या 'रॉकी'नंतर मुलं तशीच उभी राहायला लागली, आणि हनुवटीशी हात परत आणायला प्रशिक्षकांचा सगळा हंगाम गेला.